सहावी खेप

टेनिसशी माझा संबंध एवढाच, की त्यात शून्याला 'लव्ह' म्हणतात हे मला ठाऊक आहे. बँकेत अशी सोय नाही. कॅशमध्ये एक शून्य इकडचं तिकडं झालं, तर ते पगारातून जातं.

तरीही परवा ऑफिसरच्या परीक्षेत पाचव्यांदा आपटलो, तेव्हा मला अमेरिकेच्या डोरिस हार्टबाई आठवल्या. या बाई १९४६, १९४९, १९५०, १९५२ आणि १९५३ साली अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत हरल्या. शेवटच्या दोनदा तर मॉरीन कॉनोली या विशीही न गाठलेल्या पोरीकडून! आमच्या शाखेत कालपरवा चिकटलेला पोरगा यंदा ऑफिसर झाला, त्यामुळे बाईंचं दुःख मला आतून कळतं.

खरं तर त्या कोर्टावर उभ्या राहायच्याच नाहीत. तान्ह्या असताना उजव्या गुडघ्याच्या हाडात विकार झाला, पाय कापायची वेळ आली होती. पाय वाचला, पण अधूच राहिला. भावानं टेनिस शिकवलं. धावाधाव जमेना, म्हणून बाई चेंडूच असा नेमका टाकू लागल्या, की धावावं समोरचीनं. (आमच्या हेडक्लार्कनं हे तंत्र टेनिसशिवायच आत्मसात केलंय.)

१९५१ साली विम्बल्डनला पावसानं घोळ घातला आणि बाईंच्या तिन्ही फायनली एकाच दिवशी आल्या. एकेरीत त्यांनी शर्ली फ्रायला ६-१, ६-० असं धुतलं, मग तिलाच जोडीला घेऊन दुहेरी जिंकली आणि फ्रँक सेजमनबरोबर मिश्र दुहेरीही खिशात घातली. एका दिवसात तीन विजेतेपदं! रोख जमा किती? शून्य. तेव्हा हौशी खेळाडूंना बक्षिसाचे पैसे नसत. याला म्हणायचं लव्ह.

१९५४ साली बाई अमेरिकन फायनलला सहाव्यांदा उतरल्या. समोर लुईझ ब्रफ. पहिला सेट ६-८ गेला, दुसरा ६-१ घेतला, तिसऱ्यात हार अगदी दाराशी येऊन उभी राहिली आणि बाईंनी तो ८-६ असा खेचून आणला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकल्या.

हे सगळं मी रात्री जेवताना हिला रंगवून सांगितलं. ही आमटी वाढत म्हणाली, "अहो, पण त्या निदान फायनलला तरी पोचत होत्या. तुम्ही तर लेखीतच..."

फॉर्म भरायची मुदत पंधरा तारखेपर्यंत आहे. मी भात मागितला.