मयताचा रकाना

कोर्टाच्या कागदावर आरोपीला फार तर दीड ओळ मिळते. नाव, बापाचे नाव, वय, धंदा, राहणार अमुक गाव, अमुक तालुका. मयताला त्याहूनही कमी. बेळगाव जिल्ह्यातल्या एका कोर्टात बेंच क्लार्क म्हणून माझी हयात गेली. घरी मराठी, साक्षीपुरावा कानडीत, साहेबांचे जजमेंट इंग्रजीत. अशा तीन भाषांतून माणसे वाचली, पण रकाने तिन्हींत तेवढेच. खुनाचे कलम तेव्हा ३०२ होते. (जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते १०३ झाले आहे. जुन्या वकिलांच्या तोंडून काही ३०२ जायचे नाही.)

'पाताल लोक' ही हिंदी मालिका मी पाहिली ती ही नजर घेऊन. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत ती आली. सूनबाईने टीव्हीला जोडून दिली आणि बजावले, "मामा, शिव्या फार आहेत. रक्तही आहे. झेपेल ना तुम्हाला?" रक्त लागलेले कोयते मुद्देमालात मोजून घेतलेल्या माणसाला हा प्रश्न! तोपर्यंत आमच्या घरातले गुन्हेविश्व म्हणजे १९९८ साली सुरू झालेली 'सीआयडी'. दयाने दार फोडायचे, शिवाजी साटमांनी बोटे फिरवायची, गुन्हेगाराने कबूल व्हायचे, की आपण पाने मांडायला मोकळे.

इथे तसे नाही. दिल्लीच्या यमुनापार ठाण्यातला हाथीराम चौधरी हा बढतीवाचून राहिलेला, पोटच्या मुलाशी धड बोलता न येणारा इन्स्पेक्टर. जयदीप अहलावतने तो असा उभा केला आहे की त्याच्या शर्टाला घामाचा वास येतो. एका बड्या वृत्तनिवेदकाला मारण्याचा कट आणि चार आरोपी, एवढेच प्रकरण. पण तिसऱ्या भागात ती दीड ओळ उलगडू लागते. पंजाबातला तोपेसिंग जातीवरून छळला गेलेला. चित्रकूटचा विशाल त्यागी शाळकरी पोर, भाऊबंदकीत बहिणींची अब्रू गेली म्हणून हातोडा उचललेला. पुढे कबीरचा म्हातारा बाप सांगतो, की ज्याला मी धड मुसलमानही होऊ दिले नाही त्याला तुम्ही दहशतवादी ठरवलेत. तो भाग संपल्यावर मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

ठाण्यातले सहकारी इम्रान अन्सारीच्या समोरच त्याच्या समाजाबद्दल बोलतात, आणि तो नुसता ऐकून घेतो. इश्वाक सिंगचा तो चेहरा आम्हा सीमाभागातल्या नोकरदारांना समजावून सांगावा लागत नाही. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून प्रोसित रॉयबरोबर अविनाश अरुण हे नाव दिसले तेव्हाही आपलेपणा वाटला. २०१४ चा 'किल्ला' त्याचाच. पावसात किल्ल्यावर एकटे राहिलेले ते पोर कोण विसरेल?

एवढे मानूनही माझी एक तक्रार राहिलीच. त्यागीला भूतकाळ आहे, गुरू आहे, कुत्र्यांवर माया आहे. निवेदकाला त्याने का मारले नाही, याचे उत्तरही त्या मायेत आहे. शेवटच्या भागात सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या आले नाही. त्यागीच्या हातून मेलेली माणसे कोण होती? ती पडतात आणि कॅमेरा पुढे सरकतो. मयताचा रकाना इथेही कोराच.

आमच्या कोर्टात एक बाई दर तारखेला यायची. नवऱ्याच्या खुनाचा खटला. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची, दुपारी पदरातली भाकरी सोडायची आणि मला विचारायची, "रावसाहेब, आमचं नाव कवा पुकारणार?" पुकारा व्हायचा तो आरोपीच्या नावाचा. ते नाव ऐकले की ती उठून उभी राहायची. तिच्या नवऱ्याचे नाव पट्टेवाल्याने त्या आवारात एकदाही पुकारले नाही.

दुसरे पर्व २०२५ च्या जानेवारीत आले. दिग्दर्शन एकट्या अविनाश अरुणचे. या वेळी एका बड्या नागा पुढाऱ्याचा दिल्लीत खून होतो आणि सगळी यंत्रणा तिकडे धावते. हाथीराम मात्र रघू पासवान नावाच्या बेपत्ता बँडवाल्याला शोधत असतो. बायको आणि लहान पोर, एवढेच त्याच्यामागे. तो शोध नागालँडपर्यंत जातो, आणि पासवान हे नाव हाथीराम शेवटपर्यंत सोडत नाही. मी खुर्चीत सरसावून बसलो.

मध्यावर अन्सारी मरतो. आता तो आयपीएस झालेला, हाथीरामच्या वरचा साहेब. पहिल्या पर्वात पहारा सांभाळून परीक्षेचा अभ्यास करताना, मुलाखतीला जाताना आम्ही त्याला पाहिलेले. नऊ भाग तो आमच्या माजघरात वावरला होता. गोळी लागली तेव्हा सूनबाईच्या तोंडून "अगं बाई!" निघाले आणि ती माझ्याकडे पाहू लागली. थोड्या वेळाने पुढचा भाग लावायला तिने रिमोट उचलला.

"आज राहू दे," मी म्हणालो.