विरजण

दापोडी म्हटलं की एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा, पुणे-लोणावळा लोकल आणि हॅरिस पूल आठवतात. पण जगाच्या व्यापाराशी या गावाचं नातं कारखान्यांच्या खूप आधी जुळलं. 1828च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने इथे वनस्पती-बाग सुरू केली. उपयोगी झाडं, औषधी वनस्पती, परदेशी रोपं इथल्या मातीत कशी रुजतात, हे त्या बागेत पाहिलं जाई. पुढे तिचे अधीक्षक झालेल्या डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी तिथल्या झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. ज्याने ती काढली, त्या चित्रकाराचं नावही नोंदलेलं नाही. 1865च्या सुमारास बागही मोडली. माती इथली होती, राबणारे हात इथले होते. तयार झालेलं ज्ञान मात्र बोटीने निघून गेलं.

गरीब देश व्यापाराने पुढे येतात का, या वादात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एकच प्रश्न : देवघेव झाली, पण शिकलेलं कुणाकडे राहिलं?

1858मध्ये खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली. रूळ आणि इंजिनं इंग्लंडची. देशभर पसरलेल्या अशा रुळांवरून कापूस बंदराकडे जाऊ लागला आणि गिरणीचं कापड गावोगावी पोचलं. व्यापार वाढला यात शंका नाही, पण हातमागावरचा कारागीर त्या वाढत्या व्यापारातच उखडला गेला आणि शेतीवरचं ओझं वाढलं. न्यायमूर्ती रानड्यांनी हे ओळखलं होतं. 1892 साली डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सांगितलं, की इंग्लंडला मानवणारे अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना सगळ्या काळी लागू पडत नाहीत. उद्योग उभे राहायचे तर सरकारला त्यांच्या पाठीशी राहावं लागेल. मुळेकाठच्या पुण्यात हा विचार मांडला गेला, याचा मला अभिमान वाटतो.

स्वातंत्र्यानंतर तो विचार धोरण बनला. आयातीला परवाना लागू लागला, जकात जबर झाली. बाहेरून यंत्रं आणून विकणं अवघड झालं, तेव्हा परदेशी कंपन्यांनी कारखानेच इथे आणले. दापोडीत अल्फा लावल, सँडविक आणि अ‍ॅटलास कॉप्को अशा तीन स्वीडिश कंपन्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला आल्या. एक दूध आणि तेलासाठीची सेपरेटर यंत्रं करणारी, दुसरी कार्बाइडची हत्यारं, तिसरी कॉम्प्रेसर. 1962मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि भोसरी-चिंचवडची माळरानं शेडनी भरून गेली.

या कारखान्यांनी पगार दिला, ते तर खरंच. पण त्याहून मोलाचं काही दिलं. ड्रॉइंग वाचणं, मायक्रोमीटर धरणं, टॉलरन्स सांभाळणं, जॉब रिजेक्ट झाला तर तो का झाला याच्या मुळाशी जाणं, हे सगळं गावाकडून आलेल्या मुलांच्या हातात उतरलं. त्यातलेच काही फिटर-टर्नर पुढे भोसरीत एक लेथ टाकून जॉबवर्क करू लागले. शेजारघरून वाटीभर विरजण आणावं तसं हे झालं. ते एकदा मागून आणायचं. पुढे रोजचं दही आपल्या घरचं लागलं पाहिजे.

बंद दाराचीही किंमत होती. स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली. स्पर्धाच नसल्याने काहींनी शिकणं सोडून दिलं. म्हणून 1991मध्ये दार उघडलं, तेव्हा प्रत्येकाने मधल्या काळात काय केलं होतं ते उघडं पडलं.

दोन शेजारी कारखाने पाहा. बजाजने 1960मध्ये इटलीच्या पियाजिओशी करार केला. तो 1971मध्ये संपला. नंतर स्वतःच्या नावाची चेतक स्कूटर आणली, मग मोटारसायकली. आज युगांडा, नायजेरियासारख्या देशांत बजाजच्या दुचाकीवर प्रवासी नेऊन कितीतरी तरुण घर चालवतात. दुसरीकडे पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. 1954मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पेनिसिलिनसाठी सुरू झालेला हा सरकारी कारखाना. इथल्या शास्त्रज्ञांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं होतं. पण ते शिकणं पुढे जोपासलं गेलं नाही. चीनमधून स्वस्त पेनिसिलिन आलं आणि देशातलं पेनिसिलिन-जीचं उत्पादनच थांबलं. 2020मध्ये सरकारला त्याच पेनिसिलिन-जीसाठी नव्याने प्रोत्साहन योजना जाहीर करावी लागली. हाती असलेलं विरजण सांडून पुन्हा मागायला निघण्याची ही वेळ होती.

आजही आपण पुरते स्वावलंबी नाही. 2025मध्ये चीनने दुर्मीळ मूलद्रव्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि विजेवरच्या चेतकच्या उत्पादनावर गदा आली. आणि 2023मध्ये नायजेरियाचं चलन घसरलं, तेव्हा बजाजच्या निर्यातीला फटका बसला. आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकाचं आणि आपल्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कामगाराचं नशीब इतकं एकमेकांत गुंतलेलं आहे. म्हणूनच मला वाटतं, की स्वीडनने कधी दापोडीला दिलं, ते आता आपण युगांडातल्या कंपालाला द्यायला हवं. तिथे नुसत्या गाड्या धाडून भागणार नाही. सुटे भाग घडवणारी वर्कशॉपं तिथेही उभी राहिली पाहिजेत.

मला खरी काळजी आहे ती आपल्याच शॉप फ्लोअरची. तळेगावच्या जनरल मोटर्सने 2017मध्ये भारतातली विक्री थांबवली, मेक्सिकोसाठी गाड्या बनवणं चालू ठेवलं आणि 2020च्या अखेरीस उत्पादन बंद केलं. गाड्या निर्यात होत होत्या, पण त्या बनवायच्या की थांबवायच्या हे ठरवणारी खोली तळेगावात नव्हती. चाकणमध्ये आज कितीतरी मुलं काही महिन्यांच्या करारावर लाइनवर उभी राहतात. हात बसतो न बसतो तोच करार संपतो आणि मुलगा दुसऱ्या गेटवर उभा राहतो. त्याच्या हातात कौशल्य साठत नाही आणि कारखान्यातही अनुभव मुरत नाही. स्वस्त मजुरीच्या जोरावर निर्यात वाढेलही, पण उद्या अधिक स्वस्त मजूर दुसऱ्या देशात सापडले, की ती तिकडे जाईल.

युरोपातल्या चार देशांच्या एफ्टा गटाशी आपण 2024मध्ये व्यापार करार केला. त्यात 15 वर्षांत 100 अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचं आणि 10 लाख रोजगारांचं उद्दिष्ट आहे. ते स्वागतार्हच आहे. पण अशा प्रत्येक कराराच्या वेळी आपण आपल्या प्रतिनिधींना आकड्यांच्या पुढचं विचारायला हवं : इथे काय शिकवलं जाईल, ड्रॉइंग कुणाच्या टेबलावर तयार होईल, आयटीआयमधून आलेल्या मुलाला दहा वर्षं एका कामात मुरायला मिळेल का? व्यापाराने देश श्रीमंत होतो हे खरं आहे, पण तो शिकणारा देश असेल तरच. हे प्रश्न विचारण्याचा सगळ्यात मोठा हक्क या पट्ट्यात घाम गाळणाऱ्यांचा आहे, आणि तो त्यांनी बजावलाच पाहिजे.