मशीन उघडल्यावर

खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात कोल्हापुरातल्या आमच्या उद्यमनगरच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. वर्षभर कोपऱ्यात पडलेले ग्राइंडर, ड्रिल, कटर, चॉपसॉ लोक आणून टाकतात. पूजेला मांडायचं मशीन बंद पडलेलं नको, एवढाच हेतू. हळद-कुंकू लागतं, झेंडूचा हार पडतो, आणि दुसऱ्या दिवशी तेच मशीन गार्ड नसलेल्या अवस्थेत कामावर जातं.

आर्मेचर भरणं, फील्ड गुंडाळणं, कार्बन आणि बेअरिंग बदलणं हा माझा धंदा. पण मशीन टेबलावर आलं की ते लगेच उघडत नाही. आधी नुसतं हातात फिरवून बघतो. गार्ड आहे का, बाजूचं हँडल आहे का, वायरीला किती ठिकाणी पट्टी गुंडाळली आहे, टोकाला थ्री पिन टॉप आहे की नुसत्या तारा लोंबतायत. या मशीनवर कुणाला काय लागणार आहे, याचा अंदाज बहुतेक वेळा तिथंच येतो. अपघातानंतर सगळे म्हणतात, "अचानक झालं." मला ते पटत नाही. त्याची तयारी बरेच महिने चाललेली असते आणि ती मशीनवर दिसते.

चार इंची ग्राइंडरच घ्या. फॅब्रिकेशनवाले त्याला एजी-फोर म्हणतात. रिकामा फिरताना तो मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो, म्हणजे व्हीलची कड ताशी 200 किलोमीटरच्या वेगानं पळत असते. चार इंची व्हीलवर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा 15,000च्या थोडा वर छापलेला असतो, त्यामुळं हा वेग त्याला झेपतो. सात इंची व्हीलवर मात्र तोच आकडा जेमतेम 8,500 असतो, कारण व्यास वाढला की तेवढ्याच फेऱ्यांत कड जास्त जोरात पळते. आता कुणीतरी गार्ड काढतो, भोकात बुश घालतो आणि सात इंची व्हील चार इंची मशीनवर चढवतो. व्हीलला बाहेर फाडणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. इथं तो सोसण्याच्या मर्यादेच्या दीडपटीहून जास्त होतो. व्हील फुटलं तर तुकडे ज्या रेषेत ते फिरतंय त्याच रेषेत सुटतात. गार्ड त्यासाठी असतो, ठिणग्या अडवणं हे त्याचं दुय्यम काम. म्हणून मी पोरांना सांगतो, चालू करताना व्हीलच्या रेषेत तोंड ठेवू नका, आणि नवीन व्हील बसवलं की अर्धा-एक मिनिट रिकामं फिरवून मग लोखंडाला लावा.

व्हीलच्या मध्यभागी पत्र्याची कडी असते. तिच्यावर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. पुष्कळांना ती नुसती शोभा वाटते. तो मुदतीचा आकडा आहे. रेझिननं बांधलेलं व्हील तयार झाल्यापासून तीन वर्षांपर्यंतच वापरायचं, कारण ओलीनं रेझिन कमजोर होतं. आपल्याकडं पावसाळ्यात शेडमध्ये भिंतीलगत पडलेल्या व्हीलचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

फेऱ्यांइतकाच मी नट बघतो. व्हील आवळायचा दोन पिनांचा पाना मशीनबरोबर येतो आणि पहिल्या महिन्यात हरवतो. मग छिन्नी आणि हातोडी. नटाच्या भोकांच्या कडा उचकटलेल्या दिसल्या की समजायचं, फ्लँजही वाकलेला असणार, व्हील डगमगत असणार, आणि त्या कंपनांनी बेअरिंग गेलं म्हणूनच मशीन माझ्याकडं आलेलं असणार. बेअरिंग बदलून देतो, पण पाना घेतल्याशिवाय मशीन देत नाही. त्यावरून वाद होतात. कापायच्या एक मिलिमीटरच्या पातळ व्हीलनं आडवं घासू नका म्हटलं की उत्तर ठरलेलं, "काय न्हाई हुत, काका." एजी-फोरला लाकडाचं दातेरी पातं लावून आणणाऱ्या सुताराला मात्र मी मशीनसकट परत पाठवतो. दात गाठीत अडकला की ते मशीन हातात राहत नाही, त्याला ब्रेकही नसतो. त्या जोडणीवर चर्चा करायची माझी तयारी नाही.

विजेचा प्रकार याहून वाईट, कारण तो दिसत नाही. जुनी रॅलीवुल्फची ड्रिलं अजून कधीमधी येतात. अख्खी धातूची बॉडी, त्यामुळं तिसऱ्या पिनेची अर्थिंग हाच आधार. आताच्या बहुतेक मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. म्हणजे इन्शुलेशन दुहेरी आहे, अर्थिंगची गरज नाही, वायर दोनच तारांची. यावरून लोकांनी काढलेला निष्कर्ष असा की प्लॅस्टिकच्या बॉडीचं मशीन शॉक देतच नाही. कोरडं असेपर्यंत ते खरं.

फरशीवाल्याचं कटर उघडून दाखवलं तर पटेल. ग्रॅनाइट कापताना धूळ उडू नये म्हणून हेल्पर बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पात्यावर पाण्याची धार धरतो. पाणी मारणं योग्यच. कोरड्या ग्रॅनाइटची ती बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. पण धार पात्यावरून हलते, मोटरच्या जाळीवर पडते. दोन स्क्रू काढून मागचं झाकण उचललं की आत करडा राडा. कार्बन होल्डरपासून स्विचपर्यंत ओल्या दगडी पिठाचा थर, त्यात कार्बनची काळी भुकटी मिसळलेली. करंटला वाट तयार. माणूस उभा असतो ओल्या फरशीवर, पायात स्लीपर.

आणि वीज कुठून घेतलेली? एक्स्टेन्शन बोर्डात दोन उघड्या तारा खुपसून आगपेटीच्या काड्यांनी घट्ट केलेल्या. बोर्डाला एमसीबी आहे, असं मालक अभिमानानं सांगतो. सहा अँपियरचा एमसीबी सहा अँपियर ओलांडल्यावर विचार करायला लागतो. ओल्या अंगातून 230 व्होल्टवर दोनशे मिलिॲम्पियरच्या आसपास करंट जातो. दहाच्या पुढं मूठ सुटत नाही, पन्नास ते शंभरमध्ये हृदयाची लय बिघडू शकते. एमसीबीला यातलं काही कळत नाही, तो वायर जळू नये म्हणून बसवलेला असतो. माणसासाठी असतो तो 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटमध्ये तेवढा फरक पडला की तो क्षणात तोडतो. मशीनला अर्थिंग नसलं तरी तोडतो. साइटच्या बोर्डावर तो बसवा आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांत धरले तर मात्र तोही वाचवत नाही.

लोडशेडिंगच्या भागातली एक गोष्ट हमखास. लॉकचं बटण दाबून ग्राइंडर चालू असतो, लाइट जाते, माणूस मशीन तसंच खाली ठेवून चहाला जातो. लाइट आली की ते मशीन जमिनीवर आपोआप सुरू होऊन उड्या मारत फिरतं आणि पहिल्यांदा स्वतःचीच वायर कापतं. स्विच बिघडल्यावर "डायरेक्ट करून द्या" म्हणणारे याच वर्गातले. टॉप घातला की मशीन सुरू, काढला की बंद. तसं काम मी करत नाही.

डोळ्यांबद्दल 1948च्या कारखाना कायद्यात स्वतंत्र कलम होतं, 35वं. पण चार माणसांच्या शेडला कारखान्याचा कायदा कधी लागला नाही, आणि गॉगल तर शंभर रुपयांच्या आत मिळतो. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, बाजूनं कण आत येतोच. गरम लोखंडाचा कण बुबुळावर चिकटून बसतो आणि गंज धरतो. तो काडीनं किंवा रुमालाच्या टोकानं काढून देणारे उस्ताद प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतात. त्यांच्याकडं न जाता सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडं जावं. ड्रिल चालवताना सुती हातमोजे आणि मनगटातला दोरा, दोन्ही नकोत. बिटाला गुंडाळले की बोट ओढून नेतात.

भंगारात गेलेल्या मशीनचे गार्ड मी फेकत नाही. दुकानात पेटीभर आहेत, पैसे घेत नाही. फक्त येताना मशीन बरोबर आणा. कॉलरचा व्यास कंपनीगणिक वेगळा असतो, अंदाजानं नेलेला गार्ड बसत नाही आणि मग तो तारेनं बांधला जातो.