झिजावं, पण मोडू नये

दहिसर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका बाजूला प्लास्टिक मोल्डिंग, दुसऱ्या बाजूला पावडर कोटिंग आणि मधल्या गाळ्यात माझा लेथ. वर्षभर बुश, पिना, पुली, डायचे सुटे भाग असलं काम चालतं. मे संपत आला की मात्र वेगळा माल येऊ लागतो. गेटवेसमोर नांगरलेल्या शिडाच्या बोटी पावसाळ्यापुरत्या पाण्याबाहेर काढतात, त्यांच्या डेकवरचे, शिडाचे दोर ड्रमवर गुंडाळून ओढणारे जुने विंच सुटतात आणि त्यातले काही पाठीवरच्या सॅकमधून, चर्चगेटहून लोकल धरून माझ्यापर्यंत पोचतात. मालक टेबलावर सॅक ठेवतो, ती ठण्णकन वाजते आणि तो विचारतो, “काका, हे राखायचे की नवे घ्यायचे?”

या प्रश्नाचं उत्तर बाहेरून देता येत नाही. सॅकमधून निघतो तो ड्रम सहसा देखणाच असतो. क्रोमचे पापुद्रे गेलेले, खालून ब्राँझचा तांबूस पिवळा रंग डोकावणारा, पण आकाराने धडधाकट. मालकाची नजर त्या ड्रमवर असते. माझी आत असते.

विंचचं गणित साधं आहे. हँडलची नेहमीची लांबी दहा इंच, म्हणजे २५४ मिलिमीटर. ड्रमचा व्यास ७० मिलिमीटर धरला तर त्रिज्या झाली ३५. गिअर नसलेल्या साध्या विंचमध्ये हँडलच्या लांबीला या त्रिज्येने भागलं की ताकद किती पट वाढते ते कळतं. इथे साधारण सात पट. हँडलवर वीस किलोचा जोर लावला की दोरावर एकशे चाळीस किलो, त्यातून घर्षणात जाईल ते वजा. आत गिअर असले तर तो आकडा आणखी वाढतो. मालकांना हे ऐकायला आवडतं. पण वाऱ्याने भरलेलं शीड एकदा ओढून भागत नाही. ओढलेलं परत जाऊ द्यायचं नसतं. ते काम ड्रम करत नाही, गिअरही करत नाहीत. ते करतात नखाएवढे दोन तुकडे आणि त्यांच्यामागच्या केसासारख्या स्प्रिंगा. पुस्तकात त्यांना पॉल म्हणतात, सायकलवाले कुत्ते म्हणतात. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये जी टिकटिक ऐकू येते तीच विंचमध्ये: कुत्ता एका दातावरून घसरून पुढच्या दाताच्या मागे बसतो आणि परतीची वाट बंद करतो.

जुन्या विंचसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारलं तर सांगतो: शिडाच्या बोटींचं वेड मुंबईला नवं नाही. १९६४ साली मुंबईत बांधून पाण्यात सोडलेली सुहैली ही बत्तीस फुटी सागवानी बोट. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने १९६८-६९ मध्ये तीच घेऊन एकट्याने, कुठेही न थांबता ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला माणूस. प्रवासात तिचं आपोआप सुकाणू धरणारं यंत्र निकामी झालं, पाणी आत येऊ लागलं, तरी ती घरी पोचली. कारण हाताशी असलेल्या सामानात दुरुस्त करता येईल अशीच ती बांधलेली होती. ती फेरी गोल्डन ग्लोब शर्यतीतली होती. त्या शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त २०१८ साली ती पुन्हा निघाली तेव्हा १९८८ पूर्वीच्या आराखड्याचीच बोट हवी अशी अट होती, आणि तीत उतरलेल्या अभिलाष टॉमीसाठी सुहैलीच्या धर्तीची तुरिया गोव्यात बांधली गेली. जुनं म्हणजे निकामी असं समुद्रावरचे लोक सहजी मानत नाहीत.

अडचण सुट्या भागांची आहे. बॅरिएंट हे अमेरिकन नाव, बार्लो ऑस्ट्रेलियन. सत्तरच्या दशकातल्या कित्येक बोटींवर यांचेच विंच आहेत आणि दोन्हींचं उत्पादन कधीच थांबलंय. विंच चालू, कंपनी बंद. मग उरतो लेथ.

उघडण्याचं काम मी शक्यतो डेकवर करू देत नाही. करावंच लागलं तर एक पुठ्ठ्याचा खोका घ्यायचा, तळाला ड्रमच्या मापाचं भोक पाडायचं आणि तो विंचभोवती बसवायचा. ड्रम वर उचलला की स्प्रिंग उडते, आणि डेकवरून उडालेली स्प्रिंग थेट पाण्यात जाते. गाळ्यात हे भय नाही. ज्या क्रमाने भाग निघतील त्या क्रमाने जुन्या चादरीवर मांडतो. डिझेलमध्ये बुडवून दातांच्या ब्रशने घासतो. ग्रीस बहुतेक वेळा मेणासारखं घट्ट झालेलं असतं, आणि आजाराचं मूळ तिथेच सापडतं. कुणीतरी मायेने सगळीकडे, कुत्त्यांच्या खाचेतसुद्धा, ग्रीस थापलेलं असतं. थंडीच्या पहाटे ते चिकटतं, स्प्रिंगचा जोर अपुरा पडतो आणि कुत्ता आतच दबून राहतो. म्हणून गिअरला आणि रोलर बेअरिंगला ग्रीसचा पातळ हात, कुत्त्याला मात्र शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. बोटाने दाबून सोडला की तो लगेच बाहेर यायला हवा. रेंगाळला तर विंच जोडायचा नाही.

ॲल्युमिनियमचे ड्रम ब्राँझहून त्रासदायक. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसच्या संगतीला ॲल्युमिनियम बसलं की झीज ॲल्युमिनियमची होते. पांढरी भुकटी साचते आणि स्क्रू असे धरतात की पाना फिरतो, स्क्रू नाही. तिथे हातोडी उपयोगाची नाही. तेल सोडायचं, हॉट एअर गनने शेकायचं, निवू द्यायचं, पुन्हा शेकायचं. घाई केली की स्क्रूचं डोकं हातात येतं.

आता मुख्य काम: नवा कुत्ता. शिकाऊ पोरांना वाटतं, कडक पोलादाचा करावा, पाणी द्यावं, मग जन्मभराची काळजी मिटली. त्यांना मी माझ्या लेथची शिअर पिन दाखवतो. लीडस्क्रूवर नको इतका भार आला की ती पिन तुटते. ती मुद्दामच कच्ची ठेवलेली असते. चार पैशांची पिन जाते, महागडा गिअर वाचतो. तुटल्यावर मशीन थांबतं, आणि थांबलेलं मशीन कुणाला मारत नाही. विंचमध्ये उलटं आहे. कुत्ता तुटला की काहीच थांबत नाही. अडवून धरलेलं सगळं सुटतं. ड्रम उलटा गरगरतो, दोर हातातून पळतो आणि हँडल खोबणीत असेल तर तेही फिरतं, माणसाच्या मनगटाच्या दिशेने.

म्हणून इथे तुटण्याची मुभा नाही, झिजण्याची आहे. फार कडक केलेला धातू ठिसूळ होतो. काही न सांगता एक दिवस तडकतो. शिवाय तो ड्रमच्या आतले दात खातो, आणि ते दात पुन्हा करता येत नाहीत. मी कुत्ता चिवट धातूचा करतो, दातांपेक्षा कणभर नरम. त्याची धार हळूहळू गोल होते. टिकटिकीचा आवाज बोथट होतो, दरवर्षी उघडणाऱ्याच्या नखालाही ती गोलाई जाणवते. जे सहज बदलता येतं त्याने झिजावं, झिजताना आगाऊ कळवावं आणि जे बदलता येत नाही ते वाचवावं. जोडी मात्र एकदमच बदलायची. एक नवा आणि एक जुना ठेवला तर सगळा भार एकावर येतो.

हँडलचं दुखणं वेगळं. आजचं रूढ माप अकरा सोळांश इंच, म्हणजे सुमारे साडेसतरा मिलिमीटरचा चौकोन. खोबणीला आठ कोन असतात, त्यामुळे हँडल कुठल्याही सोयीच्या दिशेला बसतं. काही जुन्या विंचची खोबण या मापाची नसते, आणि बाजारातलं हँडल तिथे ढिलं तरी पडतं किंवा शिरतच नाही. खोबणीचे कोन गोल झाले असतील तर बुश बसवून नवी खोबण काढता येते. हँडलची चौकोनी दांडी झिजली असेल तर वेल्डिंगने भरून, कानशीने मापाला आणतो. ढिलं हँडल जोरात असताना निसटलं की बोटं सोलवटतात. जुनी घडीव ब्राँझची हँडलं जड असतात, हाताला छान बसतात आणि पाण्यात पडली की परत येत नाहीत. म्हणून कुलूपवालं हँडल बरं. वरची कळ फिरवल्याशिवाय ते खोबणीतून निघत नाही.

ड्रमला चकाचक पॉलिश करून द्या म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणतो. तीन-चार वेढ्यांवर दोर धरून राहतो तो ड्रमच्या खरखरीमुळे. आरसा केला की दोर घसरतो; फार खरखरीत ठेवला की दोराचे धागे सुटतात.

काही विंच मी दुरुस्तच करत नाही. तारेचा शीडदोर गुंडाळणारे, ब्रेकवर चालणारे जुने रीळ-विंच त्यातले. ब्रेक सैल पडला आणि हँडल आतच राहिलं तर ते हात मोडू शकतं. तडा गेलेला ड्रमही नाही. त्यावर वेल्डिंग मारून पैसे घेता येतात, पण पुढच्या हंगामात तो दोर ओढणारा हात माझा नसतो.

मग नवा विंच घ्यावा. पण तो जुन्याच्या जागी जसाच्या तसा बसत नाही. बोल्टचं वर्तुळ बदलतं, जुनी भोकं बुजवावी लागतात, आणि त्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी मुरलं असेल तर खालचं लाकूड कुजलेलं निघतं. डेकखाली भक्कम पट्टी नसेल तर नव्या विंचची सगळी ताकद ते लाकूड उखडण्यात खर्च होते. ड्रमची उंची बदलली की दोराचा कोनही बदलतो. दोर किंचित खालून वर येत ड्रमवर चढायला हवा, नाहीतर एक वेढा दुसऱ्यावर चढून आवळतो आणि भर वाऱ्यात सुटत नाही.

राखायचे की नवे, या प्रश्नाला मी आता एकच उत्तर देतो. ब्रेकवाला रीळ-विंच नसेल, ड्रमला तडा नसेल आणि त्याच्या आतले दात शाबूत असतील तर राखा, बाकी सगळं करता येतं. नाहीतर नवा घ्या, पण दुकानात किती पट ताकद आणि कसली चमक हे विचारण्याआधी विचारा, हा उघडतो कसा आणि याचे कुत्ते-स्प्रिंगा सुट्या मिळतात का. मिळत असतील तर एक विंच घ्या आणि चार जोड्या बरोबर घ्या. कंपनी बंद पडली तरी तुमचा विंच बंद पडायला नको. आणि तेव्हा दहिसरला लेथ असेलच याची मी हमी देत नाही.