फुटाला सात इंच

मसुऱ्यातलं आमचं घर चिऱ्यांचं, वर मंगलोरी कौलं. खाडीकडून झड आली तरी माजघरात थेंब पडत नाही. मागाहून काढलेली पडवी मात्र दर जूनला गळायची. कौलं बदलून पाहिली, गळती काही थांबली नाही.

शेवटी एका एप्रिलमध्ये सुतारांना बोलावलं. त्यांनी चार फुटी पट्टीचं एक टोक वाशाला टेकवलं, पाणसळ ठेवून ती आडवी धरली आणि दुसऱ्या टोकापासून वर वाशापर्यंतचं उभं अंतर मोजलं. माजघरावर 30 इंच, पडवीत फक्त 16.

मी गणिताचा शिक्षक. 30 भागिले 48 म्हणजे 0.625. समोरची बाजू भागिले लगतची बाजू, अर्थात टॅन. दहावीच्या उदाहरणांत बहुधा कोन दिलेला असतो आणि उंची काढायची असते. इथे दोन्ही बाजू हाती होत्या, हवा होता कोन. जुनं लॉगटेबल काढलं. एरवी डावीकडे अंश बघून आतली किंमत वाचायची; मी आतल्या आकड्यांत 0.6249 शोधलं आणि बोट आडवं डावीकडे नेलं. 32 अंश! टॅन इन्व्हर्स म्हणजे हेच, गुणोत्तरावरून कोनाकडे परतणं. पडवीचा कोन निघाला जेमतेम साडेअठरा अंश. एवढ्या कमी उतारावर पाणी रेंगाळतं आणि वारा ते कौलांच्या सांध्यातून आत ढकलतो.

पुतणीने मोबाइलवर तेच केलं, तर उत्तर आलं 0.5586. ती गोंधळली. मोबाइल रेडियनवर होता; अंशांवर आणताच 32 दिसलं. टॅनच्या डोक्यावरचा उणे एक हा घातांक नाही, हेही तिला सांगितलं. 1 भागिले 0.625 केलं तर 1.6 मिळतात, कोन मिळत नाही.

सुतार म्हणाले, "मास्तरानू, फुटामागे सात इंच चढ देवया, मगे पाणी थांबूचा नाय."

सात भागिले बारा, 0.5833. टेबलात पाहिलं, तर सव्वातीस अंश. त्यांच्या हातात जे गुणोत्तर होतं, त्याचंच माझ्या वहीतलं नाव कोन.

त्या पावसाळ्यात पडवी कोरडी राहिली. शिक्षकमित्रांनो, हा धडा फळ्यावर मांडण्याआधी मुलांना एकदा वाशाखाली उभं करा आणि हातात पट्टी द्या.