ताईचा हप्ता, दादाचा हप्ता

१ मार्च २०११ रोजी लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानं एक निकाल दिला आणि लंडनमधल्या आमच्या धंद्याची झोप उडाली. मी विमागणिती, म्हणजे ॲक्च्युअरी. गाड्यांच्या विम्याचे दर बसवणं हे माझं काम. निकाल असा, की २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या पॉलिसीचा हप्ता ठरवताना गिऱ्हाईक बाई आहे की बुवा, याचा विचार करायचा नाही. गंमत म्हणजे खटला मोटारविम्याचा नव्हताच. बेल्जियममधल्या ‘तेस्त-आशा’ या ग्राहक संघटनेनं आयुर्विम्याच्या दरांवरून दाद मागितली होती. बिल मात्र फाटलं ते इंग्लंडमधल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरींच्या नावावर.

कारण तिथं तरुण मुलींना गाडीचा विमा मुलांपेक्षा बराच स्वस्त पडे. ‘शीलाज व्हील्स’ हा विमा तर २००५ साली खास बायकांसाठीच बाजारात आला होता. गुलाबी गाडी आणि तीत बसून गाणाऱ्या तिघीजणी, अशी त्याची जाहिरात. आता ताईचा हप्ता वाढणार आणि दादाचा थोडा उतरणार, हे उघड होतं.

हा स्वस्ताईचा भेद कुणाच्या लहरीवर बेतलेला नव्हता. दरपत्रकात आधी एक मूळ रक्कम असते आणि मग तिला गुणत जायचं असतं. वय एकोणीस, हा एक गुणक. घराचा पोस्टकोड, हा दुसरा. गाडी कुठल्या गटात बसते, हा तिसरा. वर्षाला किती मैल, रात्री गाडी रस्त्यावर उभी की गॅरेजात, असं करत करत शेवटचा आकडा निघतो. लिंग हा त्यातलाच एक रकाना. खरा फरक दाव्यांच्या संख्येपेक्षा रकमेत असे. शनिवारची रात्र, मित्रांनी भरलेली गाडी, भरधाव वेग. मागे बसलेला मित्र कायमचा अंथरुणाला खिळला, तर त्याच्या जन्मभराच्या शुश्रूषेची भरपाई लाखो पौंडांच्या घरात जाते. पत्रा ठोकायचा खर्च त्यापुढे चिल्लर. असे दावे तरुण मुलांच्या खात्यात जास्त पडत. तिशी ओलांडली की ही तफावत बरीचशी विरते.

तरीही हप्त्यात स्त्री-पुरुष भेद नको, असंच माझं मत आहे. आमच्या जमातीतल्या पुष्कळांना ते रुचत नाही. त्यांचा सवाल रास्त आहे: विमा म्हणजे माणसांचे गट पाडणंच, मग वय चालतं तर लिंग का नको? उत्तर असं, की एकोणीस वर्षांचे आपण सगळेच एकदा असतो आणि त्यातून बाहेरही पडतो. आज जादा भरणारा उद्या कमी भरतो. लिंगाचं तसं नाही. शिवाय पुरुष असल्यामुळे कुणाची गाडी झाडावर आदळत नाही. ती आदळते वेगामुळे, दारूमुळे, अपुऱ्या झोपेमुळे. याच खटल्यात न्यायालयाच्या महाअधिवक्ता युलियाने कोकॉट यांनी हेच मांडलं होतं: खरी कारणं मोजायला अवघड, म्हणून सोयीसाठी लिंग धरलं जातं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९२ साली एका वीस वर्षांच्या अविवाहित तरुणाच्या प्रकरणात विमा कंपनीची बाजू उचलून धरली, तीही कंपनीला त्या काळी दुसरा व्यवहार्य मार्ग नव्हता म्हणून. आज तो आहे. गाडीतलं एक छोटं यंत्र किंवा खिशातला फोन वेग, करकचून मारलेले ब्रेक आणि रात्रीच्या फेऱ्या मोजून देतो.

पण रकाना पुसला की भेद गेला, असं समजणाऱ्यांनी जरा थांबावं. लिंग काढून तेच गणित पुन्हा चालवा, आणि बाकीचे गुणक हळूच सरकतात. पेशाचाही एक गुणक असतो: नर्स आणि सुईण खाली येतात. सुतार आणि गिलावा करणारा वर जातो. गाडीच्या मॉडेलचे आणि इंजिनाचे आकडेही हलतात. गणिताला कुणाचं वाकडं करायचं नसतं. पुढच्या दारानं हाकललेली माहिती त्यानं मागच्या दारानं आत घेतलेली असते, इतकंच. म्हणून बंदीनंतरही इंग्लंडमध्ये पुरुषांचा सरासरी हप्ता बायकांपेक्षा जास्तच राहिला.

याला उपाय आहे आणि तो आमच्या धंद्यात ठाऊकही आहे. गुणक काढताना लिंग गणितात ठेवायचं, म्हणजे त्याचा भार त्याच्याच रकान्यात पडतो, सुताराच्या माथी बसत नाही. मग हप्ता आकारताना तेवढा रकाना सगळ्यांना सारखा लावायचा. म्हणजे भेद टाळायचा तर लिंगाची नोंद ठेवावीच लागते! कायदे करणाऱ्यांना हे पचायला जड जातं. कॅलिफोर्नियानं २०१९ पासून लिंगावरून दर लावायला मनाई केली, तिथंही नुसता रकाना गेला की नाही हे पाहून भागणार नाही. शेवटी निघालेले हप्ते तपासायला हवेत.

आपल्याकडे प्रश्नाचा तोंडवळाच निराळा आहे, कारण आपला विमा मुख्यतः गाडीवर बेतलेला असतो, माणसावर कमी. सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचे दर सरकार ठरवतं, तेही इंजिनावरून. २०२२ साली ते खासगी मोटारीला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये असे ठरले. चालवतं कोण, हे त्यात कुठेच नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर मात्र २००७ पासून कंपन्या आपापले लावतात. तिथं बायकांना घसघशीत सवलत दिली तर काय होईल, ते मी आजच सांगते. महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. तसंच गाड्याही बायकोच्या नावावर होतील आणि स्टिअरिंगवर नवराच बसेल. अपघात आहेत तेवढेच राहतील.

त्यापेक्षा चालवण्यावर हप्ता ठरू द्या. किती चालवता आणि कशी चालवता, यावर बेतलेली जोड-संरक्षणं द्यायची मुभा विमा नियामकानं २०२२ मध्येच दिली आहे. नूतनीकरणाच्या वेळी एजंटाकडे त्याची चौकशी करा. आणि गाडी बायकोच्या नावावर असून तिच्याकडे लायसन्स नसेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा: मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण लायसन्स असलेल्या मालकालाच मिळतं. तिला ते मिळत नाही, आणि गाडी चालवणारे तुम्ही मालक नाही, म्हणून तुम्हालाही नाही. स्वतःसाठी वेगळा अपघात विमा घ्या.