आतून सगळं ठीक दिसतं

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमधल्या कंपनीत रुजू झाले, तेव्हा माझ्या हातात सर्व्हरची लांबलचक यादी दिली गेली. हिशेब, पगार, फाइल, प्रिंट, डोमेन कंट्रोलर, चाचणीच्या पाच-सहा मशिनी. सर्व्हर रूममध्ये जाऊन पाहिलं, तर रॅकमध्ये अवघी सहा खरी यंत्रं, म्हणजे होस्ट. शंभरेक कर्मचाऱ्यांचे डेस्कटॉपही त्याच सहांत. लोकांच्या टेबलांवर होते ते थिन क्लायंट, म्हणजे मॉनिटरला चिकटवलेली छोटी पेटी. काम सगळं आतल्या खोलीत चालणार, टेबलावर येणार ते फक्त त्याचं चित्र.

"यातला पगाराचा सर्व्हर कोणता?" मी माझ्या वरिष्ठ मॅडमना विचारलं.

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. "सध्या तिसऱ्या होस्टवर आहे. दुपारी कुठं असेल ते दुपारी पाहू."

व्हर्च्युअल मशिनची व्याख्या मला कॉलेजपासून पाठ होती. तरी बोट ठेवून दाखवता येणार नाही अशा सर्व्हरची जबाबदारी आपली, हे पचायला वेळ लागला.

कल्पना तशी जुनी. आयबीएमनं 1972 मध्ये व्हीएम/370 आणलं. एकाच मेनफ्रेमवर अनेकांना आपापलं स्वतंत्र यंत्र मिळाल्यासारखं काम करता येई. पीसीतल्या प्रोसेसरवर मात्र हे अवघड होतं, कारण त्याच्या काही आज्ञा पूर्ण अधिकार नसताना चालवल्या, तर त्या अडत नसत. गुपचूप वेगळंच काहीतरी करून मोकळ्या होत. 1998 मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरनं पुढच्याच वर्षी त्यावर सॉफ्टवेअरनं मार्ग काढून दाखवला. 2005-06 मध्ये इंटेल आणि एएमडीनं सोय थेट चिपमध्येच दिली, आणि 2007 मध्ये केव्हीएम लिनक्सच्या कर्नेलमध्ये आलं. या सगळ्या धडपडीचा हेतू एकच: आत चालणाऱ्या विंडोजला किंवा लिनक्सला वाटलं पाहिजे, हे यंत्र माझं एकटीचं आहे.

माझा गोंधळ नेमका इथूनच सुरू झाला.

हिशेब विभागातून तक्रार आली: सॉफ्टवेअर रखडतंय. मी सर्व्हरमध्ये शिरून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर जेमतेम वापरात, मेमरी मोकळी, डिस्क शांत. मग रखडतंय काय? सर्व्हरला व्हर्च्युअल प्रोसेसर सोळा होते. आणखी चार द्यावेत, असं मी सुचवलं.

मॅडम म्हणाल्या, "आतून पाहून काय होते? होस्टवरून पाहा."

त्यांनी मला सीपीयू रेडी नावाचा आकडा दाखवला. मशिनला काम करायचं आहे, पण खऱ्या प्रोसेसरवर जागा नाही म्हणून ती थांबली आहे, त्या थांबण्याचा हा वेळ. या मशिनी सांभाळणाऱ्या व्हीसेंटर सॉफ्टवेअरचा तक्ता तो वीस-वीस सेकंदांच्या तुकड्यांत मिलिसेकंदात देतो. एका प्रोसेसरमागे 2000 आले, तर दहा टक्के वेळ नुसता रांगेत गेला. आणि रांगेतली ही मिनिटं आतल्या विंडोजच्या हिशेबात नीट उतरत नाहीत. थांबलेल्या यंत्राला आपण थांबलो होतो हे कसं कळणार?

उपाय तर मला उलटाच वाटला. सोळाचे चार करा! सकाळी सीताबर्डीला मेट्रोत सोळा जणांना एकाच डब्यात एकत्र बसायचं असेल, तर गाड्या सोडत बसावं लागतं. चौघांना जागा लवकर मिळते. सोळा प्रोसेसरांच्या मशिनचंही तसंच, कारण ते सगळे साधारण बरोबरीनं पुढं सरकवावे लागतात. रात्री मशिन बंद करून बदल केला. सकाळी हिशेब विभागातून फोन आला तो बरं चालतंय हे सांगायला. कमी देऊन जास्त मिळतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं, तर मानलंच नसतं.

स्नॅपशॉटनंही असंच चकवलं. स्नॅपशॉट म्हणजे मशिनचा बॅकअप, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात मूळ डिस्क तिथंच गोठते आणि त्यानंतरचं सगळं लिखाण वेगळ्या फाइलीत साठत जातं. मूळ डिस्क गेली, तर ती फाइल एकटी निरुपयोगी. शिवाय एकच स्नॅपशॉट 72 तासांहून जास्त ठेवू नये, असं व्हीएमवेअर स्वतः सांगतं. कारण फाइल फुगत जाते आणि सामायिक स्टोरेज भरलं, तर शेजारच्या मशिनीही अडकतात. 'डिलीट' दाबलं की नवं लिखाण पुसलं जात नाही, मुळात मिसळलं जातं. गमवायचं असतं ते 'रिव्हर्ट' दाबल्यावर. हा फरक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मग मे आला. 23 मे 2013 ला 47.9 अंश पाहिलेलं हे शहर, आणि सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा 18 ते 27 अंशांत असावी, ही शिफारस. एका दुपारी सर्व्हर रूमचा एक एसी बंद पडला. मी सवयीनं मशिनींमध्ये डोकावले, तर सगळीकडे हिरवं. आतल्या विंडोजला खोलीतला उकाडा कळत नाही. तो होस्टच्या मदरबोर्डवरच्या स्वतंत्र नियंत्रकालाच दिसतो. तिथं रॅकच्या वरच्या दोन यंत्रांचे आकडे चढत होते.

मॅडमनी आधी चाचणीच्या मशिनी बंद करवल्या, मग त्या दोन होस्टवरच्या बाकीच्या मशिनी चालू असतानाच खाली हलवल्या. मेमरीतली पानं दुसऱ्या होस्टवर कॉपी होतात, तेवढ्यात बदललेली पुन्हा जातात, आणि शेवटची थोडी उरली की मशिन निमिषभर थांबून पलीकडे जागी होते. हिशेबातल्या काकू तेव्हा व्हाउचर भरत होत्या. त्यांना काहीच जाणवलं नाही. रिकामी झालेली दोन यंत्रं आम्ही बंद केली आणि खोलीचा ताप उतरू लागला.

सगळंच बंद करावं लागलं असतं, तर? चालू करताना सुरुवात कुठून? ज्या व्हीसेंटरमधून मी या मशिनी पाहते, ते स्वतःच त्यांतलं एक. होस्टची नावं ओळखणारा डीएनएसही आतच, डोमेन कंट्रोलरवर. मॅडमनी क्रम लिहायचं काम मला दिलं. आधी स्टोरेज, मग होस्ट, मग नावानं नाही तर आयपी पत्त्यानं थेट होस्टवर जाऊन डोमेन कंट्रोलर, त्यानंतर व्हीसेंटर, मग बाकीचे. डेस्कटॉप सर्वांत शेवटी आणि तेही थोडे थोडे, कारण शंभर विंडोज एकदम उठल्या तर स्टोरेज गुदमरतं.

हा क्रम छापील हवा, कारण फाइल सर्व्हरही आतच आहे. शिवाय एक डोमेन कंट्रोलर वेगळ्या खऱ्या यंत्रावर ठेवावा, असा प्रस्ताव मी मांडला आहे. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर घेतल्यावर कायमचे परवाने विकणं थांबलं, दरवर्षीचं भाडं आलं, त्यामुळे बजेट आखडलं आहे. पण या एका यंत्रासाठी मी पुन्हा विचारणार आहे, आणि पुढचा मे उजाडायच्या आत.